फोंड्यात बसून क्वीन्सलँडचा संघ कसा निवडावा

रग्बी लीगचा संघ निवडणं तसं सोपं असतं. १३ जण मैदानात, काही बाकावर आणि ज्याला काही कळत नाही असा एक प्रशिक्षक. हे शेवटचं पक्कं धरून चला, म्हणजे बाकीचं आपोआप जमतं.

वेळ मात्र सांभाळा. स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची दरवर्षीची तीन सामन्यांची मालिका. तिचा सामना सिडनी-ब्रिस्बेनच्या घड्याळात रात्री आठनंतर, म्हणजे आपल्याकडे गोव्यात बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास. जूनमध्ये मासेमारी बंद, ताटात माशांच्या हुमणाऐवजी सुक्या कोळंबीची किसमूर. माणूस आधीच चिडलेला असतो, त्याचा फायदा घ्या. आडवं व्हायचं सोडून कदंब बस स्टँडकडच्या चहाच्या दुकानात जा, मिरची भजी मागवा आणि ब्रिस्बेनच्या भाच्यानं फोनवर सांगितलेलं स्वतःचा अभ्यास म्हणून मांडा. सामना पाहायलाच हवा असं नाही. पावसात वीज जातेच, आणि काळोखात मत जास्त पक्कं होतं.

नियम? सहा टॅकल झाले, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा धरून पाडलं, की चेंडू समोरच्याला द्यावा लागतो, एवढं पुरे. ‘रग्बीत १५ असतात ना?’ असं कोणी विचारलं तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघा. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेतले क्लब कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या रोजाच्या भरपाईवरून फुटून निघाले, तिथून १५ जणांच्या रग्बी युनियनपासून वेगळा असा हा रग्बी लीगचा खेळ सुरू झाला, हे एकदा ऐकवून ठेवा. पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

आता २०२५ची मालिका घ्या. २८ मेला क्वीन्सलँड घरच्या मैदानावर १८-६ असं हरलं. प्रशिक्षक बिली स्लेटरनं थेट कर्णधार डेली चेरी-इव्हान्सलाच वगळलं आणि हाफबॅकला, म्हणजे चाली रचणाऱ्याच्या जागी, टॉम डिअर्डन आणला. इथे टेबलावर हात आपटायचा, चहा सांभाळून. ‘कर्णधाराला असं काढतात? कृतघ्न मेले!’ स्लेटर स्वतः ३१ ओरिजिन सामने खेळलाय. तुम्ही शाळेत कबड्डीच्या संघात राखीव होता. म्हणजे अनुभव दोघांनाही आहे.

१८ जूनला पर्थमध्ये क्वीन्सलँड २६-२४ जिंकलं. म्हणा, दोन गुणांनी जिंकणं हे काय जिंकणं? ९ जुलैला सिडनीत २४-१२, मालिका खिशात. मग आवाज खाली आणून म्हणा, ‘मी मे महिन्यातच सांगितलं होतं, त्याला काढा म्हणून.’ कोणी आठवण करून दिलीच तर ‘तू तेव्हा इथं नव्हतास’. असला तरी.

आपल्याला हे अवघड नाही, आपण अंत्रुजातले, म्हणजे फोंडा महालातले. जत्रेच्या नाटकात संभाजी कोणी करायचा यावर आपल्या वाड्यावर दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते. भूमिका मिळाली समितीच्या अध्यक्षांच्या पुतण्याला. पहिल्याच प्रवेशात त्याची तलवार म्यानातच अडकली, आणि विंगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला खरा संभाजी कोण ते माहीत होतं. (मीही तिथंच होतो, मिशा लावून.)

एका प्रश्नाला मात्र जपा: ‘बाब, मग तुम्ही कोणाला घेतलं असतं?’ सामना संपेपर्यंत नाव घ्यायचं नाही. भजी गार झाली म्हणा, पोऱ्याला हाक मारा, पावसाकडे बघा. तरीही तो अडून बसला तर साखळीची बस लागली म्हणून उठा. तुमचं घर फोंड्याला खेटून कुर्टीला असलं तरी चालेल.