आटे जुळेनात

नळ बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने आयुष्यात कधी नळ बदललेला नसतो. जुना काढा, आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळा, नवा बसवा. कृती बरोबरच आहे. फक्त जुन्याचं नव्याशी पटतं, असं तिने परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

कुरबूर दुकानातच सुरू होते. 'अर्ध्या इंचाचा नळ' मागून आणा आणि घरी त्याच्या आट्यांवर पट्टी ठेवा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पट्टी दाखवते जवळजवळ २१. दुकानदाराने फसवलेलं नाही. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकाचं माप, आणि कुलकर्णी आडनावाचा माणूस आज गावचं दप्तर सांभाळत नाही, तसंच या मापाचं झालंय. पाऊण इंची आटे बाहेरून २६.४ मिमी भरतात. दोन्हींत इंचाला आटे मात्र १४च, त्यामुळे नुसते आटे मोजून छडा लागत नाही. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिकचा, अर्धा इंची पाइप तर बाहेरून १५.९ मिमी. यूपीव्हीसीच्या, म्हणजे गार पाण्याच्या प्लास्टिकच्या, अर्ध्या इंची फिटिंगमध्ये तो डुगडुगतो, आणि दोघांचं चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. म्हणून माझा सल्ला एकच: दुकानात आकडे सांगू नका, जुना नळ पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर ठेवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेला शॉवर हा त्याहून मुरलेला शत्रू. त्यांच्या अर्ध्या इंची पाइपाच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, आपल्याकडच्या ब्रिटिश घराण्याचा ५५. इंचाला आटे इथेही १४, त्यामुळे पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखे जातात, माणूस खूश होतो, मग काम अडतं. पुढे पाना लावून जोर केला की दोघांपैकी जो मऊ, त्याचे आटे जातात.

आता टेप. नळाच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सगळी गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा उघडा ठेवायचा. बाजारातली पातळ टेप आठ-दहा फेरे लागते. एवढ्यात दारात उभे असलेले शेजारचे काका "अजून लावा, अजून लावा" म्हणतातच. ऐकू नका. भिंतीतला एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो पाइपाचा कोपरा, पितळी आट्यांचा असला तरी पितळेच्या भोवती प्लास्टिकच असतं. जाड टेपचा नळ पान्याने दाबला की टाइलच्या मागून बारीक 'कट्' ऐकू येतं, आणि मग नळाच्या कामाचं गवंडीकाम होतं.

खरी परीक्षा नळाच्या तोंडाची. नळ घट्ट व्हायला हवा आणि घट्ट होताना त्याचं तोंड खाली हवं, या दोन अटी एकाच वेळी पाळायला तो बांधील नाही. एका पूर्ण फेऱ्यात तो जेमतेम १.८ मिमी आत जातो, म्हणजे सगळा खेळ त्या १.८ मिमीत. बहुतेक वेळा तो आवळतो तेव्हा तोंड खिडकीकडे. इथे माणूस चतुराई करतो आणि पाव फेरा मागे घेतो. तोंड खाली येतं, पण दबलेली टेप पुन्हा फुगत नाही आणि नळ मागून पाझरू लागतो. मागे घ्यायचाच नाही. पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा, फेरे एक-दोन कमी-जास्त करून नव्याने बसवा. एल्बो टाइलच्या फार आत असेल तर एक्स्टेंशन निप्पल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, लागतो. तो अर्धा, एक, दीड अशा इंचांत मिळतो, आणि तो लावला की गळायला आणखी एक जागा तयार होते.

गीझरच्या आणि बेसिनच्या कनेक्शन पाइपाचा न्याय उलटा. त्याच्या नटाच्या पोटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो, आटे नुसते दाबून धरतात. तिथे टेप लावणं निरर्थक. जास्त लावली तर नट पूर्ण चढत नाही आणि वायसर दबतच नाही. तरीही गळलं तर आत बोट घालून बघा. एक तर वायसर दुकानाच्या पिशवीतच पडलेला असतो, नाहीतर जुना अँगल कॉकच्या (भिंतीतून पाइपाला पाणी देणाऱ्या छोट्या नळाच्या) तोंडाला चिकटून बसलेला असतो आणि नव्याची त्याच्यावर डबल सीट झालेली असते.

वॉशिंग मशीनच्या पाइपाचा नट पाऊण इंची आणि बाथरूमच्या साध्या नळाला पुढे आटेच नसतात. त्यावर उपाय म्हणून चार स्क्रूंचा एक अडॅप्टर मिळतो, जो नळाचा गळा चार बाजूंनी धरून लटकतो. प्रेशर वाढलं की तो सुटतो, आणि घरी कोणी नसताना हमखास. पुढे पाऊण इंची आटे असलेला मशीनचा नळच आणावा.

गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ बसवणाऱ्यांना मात्र कंपनीने दया दाखवली आहे. दोन एल्बोंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी हवं, आणि गवंडी ते तेवढं ठेवत नाहीत हे गृहीत धरूनच सोबत वाकडे लेग, म्हणजे जोडतुकडे, देतात. फिरवून थोडंफार जमवता येतं.

हे सगळं अर्थात गच्चीवरचा व्हॉल्व बंद होत असेल तर. वर्षानुवर्षं हात न लागलेला व्हॉल्व फिरतो, पण पाणी थांबत नाही. म्हणून जुना नळ काढण्याआधी तोच उघडून पाच मिनिटं धार बघत बसा. नवा बसल्यावर सांधा कोरडा पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा तुकडा पसरून झोपायला जा. रात्री वापर कमी, प्रेशर जास्त. सकाळी कागदावर रुपयाएवढा डाग असेल तर काकांना कळण्याआधी टेपचं नवं रीळ आणा.