कासवांचा बोगदा आणि पेरी काउंटीतली माणसं

२००९ साली अमेरिकेत ओबामांनी आणलेल्या स्टिम्युलसवरचा, म्हणजे मंदीत अर्थव्यवस्थेला हात देण्यासाठीच्या सरकारी खर्च आणि करसवलतींच्या कायद्यावरचा, एक मजकूर दर दोन-चार वर्षांनी पुन्हा फिरायला लागतो. तिकडे निवडणूक आली की हमखास. मग तो आपल्या मराठी ग्रुपांवरही येतो, खाली हात जोडलेले. मजकूर साधारण असा: ‘७८७ अब्ज डॉलर उधळले. बेकारी ८ टक्क्यांवर जाणार नाही म्हणाले, ती १० टक्क्यांवर गेली. एकेक नोकरी पावणेतीन लाख डॉलरना पडली. पैसा कुठे गेला? फ्लोरिडात कासवांसाठी बोगदा बांधला! सामान्य कुटुंबाच्या हाती भोपळा, आणि कर्ज नातवंडांच्या डोक्यावर.’

यातल्या बहुतेक वाक्यांना खऱ्या गोष्टीचं एक टोक चिकटलेलं आहे, म्हणून ती खपतात.

कासवांपासून सुरुवात करतो, कारण लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. बोगदा खरा आहे. फ्लोरिडाच्या लिऑन काउंटीत, टॅलाहासीच्या उत्तरेला लेक जॅक्सन नावाचं तळं आहे. या तळ्याची गंमत अशी की तळाशी असलेल्या विवरांतून ते अधूनमधून चक्क रिकामं होतं. १९९९ मध्ये तसंच झालं. पाणी आटल्यावर कासवं शेजारच्या पाण्याकडे निघाली आणि मध्ये आडवा आला चौपदरी हायवे, यूएस २७. पुढच्या फेब्रुवारीत रस्त्याच्या एका लहानशा पट्ट्यात ९० कासवं चिरडलेली सापडली. मग काही वर्षं स्वयंसेवकांनी कडेला तात्पुरती जाळी लावून भागवलं. रस्त्याखालून कायमचा मार्ग आणि कडेला भिंत, या कामाला स्टिम्युलसमधून ३४ लाख डॉलर मिळाले. हा खर्च करायला हवा होता की नाही यावर वाद घाला, जरूर घाला. भर वेगात समोर कासव किंवा मगर आली की गाडीवालाही स्टिअरिंग फिरवतो, एवढं मात्र त्या वादात धरा. आणि प्रमाण बघा: ७८७ अब्जात ३४ लाख म्हणजे दोन लाख तीस हजार रुपयांत एक रुपया. त्या एका रुपयावर बोट ठेवून उरलेला सगळा हिशेब खोटा ठरवायचा, हे काही पटत नाही.

‘८ टक्के म्हणाले, १० झाले.’ हेही घडलं. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या अर्थसल्लागारांनी, क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांनी, तसा अंदाज मांडला होता आणि तो सपशेल चुकला. पण तो चुकला कशामुळे? कायद्यावर सही झाली १७ फेब्रुवारी २००९ ला, आणि त्याच महिन्यात बेकारी ८.३ टक्के होती. म्हणजे एक डॉलरही खर्च होण्याआधी ती रेषा ओलांडलेली होती. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकसली, असं तेव्हाची सरकारी आकडेवारी सांगत होती. नंतर सुधारलेल्या आकडेवारीत ते आकसणं ८ टक्क्यांच्या वर गेलं. आजार किती बळावलाय हेच डॉक्टरला कळलं नव्हतं. यासाठी अंदाज बांधणाऱ्याला नावं ठेवा. औषधाचा गुण मात्र औषधाविना रोगी कुठे पोचला असता यावर ठरतो. अमेरिकी संसदेला अंदाजपत्रकाचे हिशेब करून देणाऱ्या, पक्षनिरपेक्ष समजल्या जाणाऱ्या काँग्रेशनल बजेट ऑफिसने त्याच पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा २०१० च्या तिसऱ्या तिमाहीत १४ ते ३६ लाख माणसं या कायद्यामुळे कामावर होती असं निघालं. दोन टोकांत अंतर मोठं आहे, कबूल. पण खालचं टोकही शून्याच्या आसपास नाही.

पावणेतीन लाखांची नोकरी हा भागाकाराचा खेळ आहे. एकूण खर्च घ्यायचा, एका ठरावीक वेळी कामावर असलेल्या माणसांच्या संख्येने भागायचं आणि उत्तर ‘एका नोकरीची किंमत’ म्हणून छापायचं. घर बांधायला चाळीस लाख लागले, चार गवंडी होते, तर प्रत्येक गवंड्याला दहा लाख दिले म्हणायचं का? विटा, सिमेंट, सळ्या आणि शेवटी उभं राहिलेलं घर, हे सगळं कुठे गेलं?

आता ‘कुटुंबांच्या हाती भोपळा’. इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात खटकतं ते हे.

टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या नैर्ऋत्येला पेरी काउंटी आहे. सगळी मिळून वस्ती साडेसात-आठ हजार, मुख्य गाव लिंडन. तिथला मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद झाला, काम मेक्सिकोला गेलं, आणि २००९ च्या सुरुवातीला बेकारी २७ टक्क्यांच्या घरात पोचली. कामाच्या वयाच्या चौघांतला एक घरी बसलेला. गव्हर्नर फिल ब्रेडेसन यांच्या सरकारने स्टिम्युलसमधला गरीब कुटुंबांसाठीचा आपत्कालीन निधी तिकडे वळवला. या निधीत वाढीव खर्चाचे ८० टक्के केंद्राकडून परत मिळत. त्यातून सुमारे ४०० माणसांना काम मिळालं. कोणी रस्ते खात्यात झुडपं तोडायला लागलं, कोणी दुकानात, कोणी ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ भाजणाऱ्या गावातल्या बेकरीत. उन्हाळ्यात बेकारी २२ टक्क्यांच्या आसपास उतरली. बावीस टक्केसुद्धा भयंकरच, पण काही महिन्यांत पाच टक्के उतरणं म्हणजे गावातल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत लगेच दिसणारा फरक.

आपल्याला यात अनोळखी काही नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं ज्यांच्या घरात होती, त्यांना मस्टरवरचं नाव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. वि. स. पागेंनी रेटलेल्या रोजगार हमीमागे हाच विचार होता. फरक इतकाच की टेनेसीत खाजगी दुकानदाराकडच्या कामाची मजुरीसुद्धा सरकारने उचलली. आणि हे काही एका पक्षाचं खूळ नव्हतं. मिसिसिपीचे गव्हर्नर हेली बार्बर, ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाचे, यांनीही हाच निधी वापरला. देशभरात मिळून यातून अडीच लाखांच्या आसपास नोकऱ्या झाल्या.

बाकी कुटुंबांना मिळालं ते असं: बेकार भत्त्यात आठवड्याला २५ डॉलरची भर, चौघांच्या घराला फूड स्टॅम्पमध्ये (गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत) महिन्याला ८० डॉलरपर्यंत जास्त, सोशल सिक्युरिटीवाल्यांना, म्हणजे सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना, एकदा २५० डॉलर. आणि नोकरदारांना करसवलत, वर्षाला ४०० डॉलर, जोडप्याला ८००. ती चेकने न देता पगारातून कापला जाणारा कर कमी करून दिली, म्हणजे पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण १३ डॉलर. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, कारण मोठा चेक लोक बाजूला ठेवतात आणि तेरा डॉलर किराणा-पेट्रोलमध्ये कधी गेले ते कळतही नाही. राजकारणाच्या दृष्टीने शुद्ध आत्मघात. २०१० मधल्या एका जनमत चाचणीत कर कमी झाल्याचं दहातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि तिघांतल्या एकाला तो वाढल्यासारखा वाटत होता! कायद्याचा साधारण तिसरा हिस्सा करसवलतींचा होता. रस्त्याकडेला पाटी लागते ती डांबरीकरणाची. शाळेतली बाई कामावरून काढली गेली नाही, याची पाटी कुठे लावणार? वास्तविक ५३ अब्जांहून जास्त रक्कम राज्यांना मुख्यतः शिक्षणाची कात्री टाळण्यासाठी दिली होती, कारण जवळजवळ सर्व राज्यांना अंदाजपत्रक समतोल ठेवावं लागतं आणि मंदीत त्यांच्या हाती कात्रीशिवाय काही नसतं.

टीकाकारांचं जिथे खरं आहे तिथे ते मान्य करू. कामं ‘फावडं मारायला तयार’, म्हणजे लगेच सुरू करता येतील अशी, आहेत असं सांगितलं होतं; तशी ती नव्हती, आणि पुढे खुद्द ओबामांनीच त्यावर विनोद केला. स्टिम्युलसच्या हिशेबाच्या सरकारी वेबसाइटवर ॲरिझोनाच्या १५ व्या मतदारसंघात नोकऱ्या दाखवल्या होत्या, तेव्हा ॲरिझोनात मतदारसंघच होते ८. हसं झालं ते योग्यच झालं.

राहिलं कर्ज. कायदा व्हायच्या आधी, जानेवारी २००९ मध्येच, त्याच बजेट ऑफिसने त्या वर्षीची तूट १.२ ट्रिलियन डॉलर होणार असं सांगितलं होतं. मंदीत कर आटतो, भत्ते वाढतात. तूट मुख्यतः तिथून आली. स्टिम्युलसने तीत भर घातली, हे खरंच आहे. पण स्टिम्युलसचा पैसा मुदतीचा होता. पेरी काउंटीतल्या नोकऱ्यांना पैसा पुरवणारा तो निधी ३० सप्टेंबर २०१० ला संपला, सेनेटमध्ये मुदतवाढ मिळाली नाही. फूड स्टॅम्पमधली वाढ नोव्हेंबर २०१३ मध्ये काढून घेतली. लेक जॅक्सनजवळच्या रस्त्याखालची वाट तेवढी अजून आहे.