माळावर झाडं लावणं म्हणजे भरपाई नव्हे

‘खाणीच्या ओसाड माळावर झाडं लावून जैवविविधता परत आणली’ हे खाणवाले आणि पर्यावरणवाले यांच्या एकत्र कामावरच्या लेखातलं वाक्य सोलापूरकराला पटणं अवघड आहे. आमचा माळ ओसाड नसतोच. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड, वर कुसळी-पवन्याचं गवत. काळवीट, लांडगा आणि धाविक, चंडोल हे पक्षी अशा माळावरच जगतात. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोक पक्ष्यासाठी, आणि त्याला उघडं रानच लागतं. अशा ठिकाणी गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) रांगा लावायच्या आणि फोटो काढायचे, याला संवर्धन कसं म्हणायचं?

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या आऊज फेनचं उदाहरण लेखात दिलंय, पण त्यातली मेख सुटली. वाळू-खडीच्या त्या खाणीत कंपनीने आरएसपीबी या पक्षिसंस्थेसोबत पाणथळ उभी केली, कारण तो मुलूख मुळातच दलदलीचा. इथे क्रशरवाल्यांनी पर्यावरणवाल्यांना सोबत घ्यायचंच असेल तर वरची माती बाजूला राखावी, काम संपल्यावर तीच पसरून स्थानिक गवताचं बी टाकावं. आणि खाणीचे सगळेच कडे सपाट करू नयेत. आमच्या शिवारातल्या जुन्या खाणीच्या कपारीत शृंगी घुबड राहतं, उंदरांचा बंदोबस्त फुकटात होतो.