शेजाऱ्यांत हेर शोधणाऱ्या मामांसाठी

‘तुमच्या शेजारी खोट्या नावाने परदेशी हेर राहतोय का? ओळखा या पाच खुणांवरून!’ हा मेसेज मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या समोरच्यांची आठवण झाली.’ समोर दोन लहान मुलांचं कुटुंब राहतं. म्हणून हा खटाटोप.

म्हणे, हेर कुणात मिसळत नाहीत. अहो, मिसळणं हीच तर त्यांची नोकरी! जून २०१० मध्ये एफबीआयने अमेरिकेत रशियासाठी काम करणारे दहा जण पकडले. त्यातले ‘रिचर्ड आणि सिंथिया मर्फी’ न्यू जर्सीत राहायचे आणि सिंथियाच्या बागेतल्या हायड्रेंजियाच्या फुलांचं शेजाऱ्यांना कोण कौतुक! एफबीआयने न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत मॉस्कोहून आलेला संदेशच आहे: शिक्षण, बँक खाती, गाडी, घर हे सगळं धोरण ठरवणाऱ्या वर्तुळात ओळखी वाढवण्यासाठी दिलंय.

उच्चार वेगळे, नातेवाईक येत नाहीत, या दोन खुणा परगावी राहणाऱ्या कुणालाही लागू पडतात. पुढे.

चौथ्या खुणेने मात्र डोकं फिरलं. ‘मुलंही शिकवून तयार केलेली असतात, त्यांना गोड बोलून विचारा.’ मुलांना? स्लोव्हेनियात अर्जेंटिनाचे म्हणून राहणारं दुल्त्सेव्ह जोडपं २०२२ च्या डिसेंबरमध्ये पकडलं गेलं. ऑगस्ट २०२४ च्या कैदी-अदलाबदलीत ते मॉस्कोला गेले, तेव्हा आपण रशियन आहोत हे मुलांना विमानात कळलं, असं खुद्द क्रेमलिनच्या प्रवक्त्याने सांगितलं. मुलांना रशियन येत नव्हतं, म्हणून पुतिन यांनी त्यांचं स्वागत स्पॅनिशमध्ये केलं. २०१० च्या दहांतल्या ‘हीथफील्ड’ जोडप्याचा धाकटा मुलगा टोरंटोत जन्मलेला. आईबापांच्या उद्योगापायी कॅनडाने त्याला नागरिक मानणंच थांबवलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि २०१९ मध्ये जिंकला. जे पोटच्या पोरांना माहीत नव्हतं, ते तुम्ही चॉकलेट देऊन काढून घेणार?

पाचवी खूण, मेलेल्या बाळाच्या नावाची कागदपत्रं. बरं बाबा, हे खरं आहे. ‘डोनाल्ड हीथफील्ड’ हे नाव कॅनडात तान्हेपणीच वारलेल्या एका मुलाचं होतं. पण शेजाऱ्याचा जन्मदाखला तुम्ही खिडकीतून वाचणार कसा?

आणि शेवटची ओळ, ‘असे हेर फक्त जागरूक शेजाऱ्यांमुळे सापडतात.’ साफ खोटं. त्या दहांवर एफबीआयची कित्येक वर्षं नजर होती. त्यांना उघडं पाडल्याबद्दल रशियन न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्याच गुप्तहेर खात्यातल्या कर्नल पोतेयेव्हला, तो हजर नसताना, २५ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये न्यूयॉर्कला पकडलेला सोव्हिएत हेर रुडॉल्फ एबलही, त्याचाच सहकारी हायहानेन फुटला म्हणून सापडला. बाकी काम हेरांच्या स्वतःच्या गबाळेपणाने केलं. मर्फींच्या घराच्या गुपचूप झडतीत एफबीआयला त्यांचा २७ अक्षरांचा पासवर्ड सापडला. कागदावर लिहून ठेवला होता.