उडणार ड्रोन, तपासणार मला

आमच्या लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात एक काळ असा होता की क्रेन आणली की नवरीचा बाप खूश. मग क्रेन गेली, ड्रोन आला, आणि आता ड्रोन नाही म्हटलं की पार्टी कोटेशन उघडूनसुद्धा बघत नाही. म्हणून मी पण घेतला, ९०० ग्रॅमच्या आसपासचा, आणि दिला उडवून. लायसन बियसन हा विषय कुणाच्या डोक्यातच नव्हता हो. तो घातला आमच्या शेजारच्या स्टुडिओवाल्याने, एका हळदीत, ताटात पोळी वाढता वाढता. म्हणाला, "अण्णा, १ लाखापर्यंत दंड आहे, माहितीय ना?" पोळी तिथंच अडकली.

घरी येऊन वाचलं. २०२१ चे ड्रोन नियम, आणि सगळा खेळ वजनाचा. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. २५० च्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, म्हणजे माझा. तो हौसेसाठी उडवला तर सर्टिफिकेट नको, धंद्यासाठी उडवला तर पाहिजे. म्हणजे त्याच ड्रोनने त्याच कार्यालयावरनं मी मेव्हण्याचं लग्न फुकट शूट केलं तर मी हौशी कलाकार, आणि त्याने पैसे दिले तर मी गुन्हेगार. मेव्हण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "बघा दाजी, मी तुमच्या भल्यासाठीच पैसे देत नव्हतो."

असो. ५ दिवसांचा कोर्स करायचा ठरवला. अटी सोप्या वाटल्या, वय १८ ते ६५ आणि दहावी पास. पूर्वी पासपोर्ट पण लागायचा, ते २०२३ ला काढून टाकलं, नायतर आयुष्यात बेळगावच्या पुढं न गेलेल्या माणसाने पासपोर्ट कुठनं आणायचा. पण दहावीचं मार्कलिस्ट म्हटल्यावर पोटात गोळा आला. कारण ते माळ्यावरच्या ट्रंकेत होतं आणि माळ्यावर चढवला कुणाला तर पोराला. पोरगं यंदा नववीत. ट्रंकेपाशी बराच वेळ शांतता, मग वरून आवाज, "पप्पा, ऑक्टोबर म्हणजे काय ओ? परीक्षा मार्चला असते ना?" वर गणितात ३५. त्याला गेली तीन वर्षं मी माझा फर्स्ट क्लास ऐकवत होतो.

पण खरी मजा पुढंच. संस्थेच्या कागदांच्या यादीत शेवटी एक ओळ होती, मेडिकल फिटनेस. आता पायलट हा शब्द आणि मेडिकल हा शब्द शेजारी शेजारी आले की माणूस काय करणार, मी नेटवर गेलो. तिथं विमानाच्या पायलटचं सगळं निघालं, क्लास वन, क्लास टू, ईसीजी, कानाची तपासणी, ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे ओळखायचे, आणि हे सगळं डीजीसीएने, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याने, नेमलेल्या डॉक्टरांकडं. तीन दिवस मी मटण सोडलं. चौथ्या दिवशी न राहवून संस्थेत फोन केला तर पलीकडची पोरगी हसायला लागली. म्हणाली, "काका, तुम्ही खालीच उभे राहणार ओ. कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरांचं लेटरहेडवर आणा, रजिस्ट्रेशन नंबर टाकून, झालं."

एवढंच ना, म्हणून गेलो आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं. तीस वर्षं आमच्या घराची नाडी त्यांच्या हातात. त्यांनी पॅड ओढलं, पेन उघडलं, आणि माझी नजर पडली वरच्या छापील नावावर. बीएएमएस. आता हे कसं सांगायचं? मी म्हटलं डॉक्टर, ते जरा, एमबीबीएस म्हणतायत. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. टक् असा आवाज झाला, अजून ऐकू येतो. "तुझ्या पोराचा डांग्या खोकला मी काढला, तुझ्या आईचा गुडघा मी चालता ठेवलाय, आणि तुझं ते खेळणं उडवायला मी चालत नाही?" मला खेळणं ह्या शब्दाचा राग आला पण गप्प बसलो, चूक आपलीच.

आता ओळखीचं एमबीबीएस कोण, तर एकच मॅडम, ज्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलेलं. पण त्यांचं आहे प्रसूतिगृह. गेलो. वेटिंगमध्ये अकरा बायका, त्यांच्या सासवा आणि मी. नर्स वही घेऊन आली, "पेशंट कुठायत?" म्हटलं मीच. सगळ्या सासवांनी माना वळवल्या. एकीने तर पदर नीट केला. वजन केलं, ९१ किलो, हे तिने एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की बाहेर रिक्षावाल्याला कळलं असेल. बीपी १५२/९६.

मॅडम म्हणाल्या, दहा मिनिटं शांत बसा, परत बघू. शांत कसला बसतोय, आतनं बाळ रडायचा आवाज आला, आजोबा पेढ्याचा बॉक्स घेऊन धावत बाहेर, आणि पहिला पेढा, शेजारीच बसलेला म्हणून, माझ्या तोंडात. वर विचारतात, तुमचं काय झालं? मी म्हटलं, पायलटचं काम आहे. आजोबांनी हात जोडले की हो. त्या पेढ्याने म्हणा का नमस्काराने म्हणा, बीपी १३४/८४ वर आलं.

डोळे तपासायला मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, बारीक अक्षरातली तिथी नक्षत्रासकट. रंगासाठी ते ठिपक्यांचं पुस्तक नव्हतं, मग रक्ताच्या नळ्यांचा ट्रे पुढं ओढला. "ही टोपणं कुठल्या रंगाची?" लाल, करडा, आणि वांगी. "जांभळा म्हणायचं." म्हटलं मॅडम, तुमच्या मुलीच्या रिसेप्शनचा शालू ह्याच रंगाचा होता आणि तुम्हीच वांगी म्हणाला होता. सही शिक्का मिळाला.

कोर्समध्ये बॅचला सगळे मिक्स, उसावर फवारणी करणारे दोन शेतकरी, एक सर्व्हेवाला, बचत गटाच्या एक ताई आणि मी. दोन दिवस थिअरी, ४०० फुटांच्या वर जायचं नाही, विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही (तिथं माझ्या डोळ्यांपुढं आमची तीन-चार कार्यालयं तरळून गेली). मग मैदान. मला वाटलं, आपण तर जुने खेळाडू. सरांनी जीपीएस बंद केलं आणि ड्रोन वाऱ्याबरोबर वाहायला लागला, मी दातओठ खातोय. वर त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं की डावं उजवं उलटं होतं, स्टिक उजवीकडं दाबली की हा माझ्या डावीकडं, आरशात बघून मिशी कापतोय असं. इंग्रजी आठ काढायचा होता, माझा झाला भोपळा. ताईंनी पहिल्याच फेरीत आठ काढला. सरांनी विचारलं कसं जमलं, तर म्हणतात, "साच्याशिवाय चकल्या पाडतो ओ आम्ही."

दुसऱ्या प्रयत्नात सुटलो. सर्टिफिकेट मोबाईलवर आलं, १० वर्षं चालतंय.

पेढे घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. काही बोलले नाहीत. पेढा घेतला, बाजूला ठेवला, न विचारता माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कान लावून ऐकलं.

"१२४/८०," म्हणाले. "लिहून देऊ? का चालत नाही?"