रस्ता शहराच्या नावावर झाला म्हणून जुनी पेठ वाचत नाही

अमेरिकेतल्या छोट्या शहरांची ‘मेन स्ट्रीट’, म्हणजे गावाची जुनी बाजारपेठ, ओस का पडली याचं एक उत्तर सध्या फार शेअर होतं. ते थोडक्यात असं: हा रस्ता गावाचा दिसत असला तरी कागदोपत्री तो राज्याचा महामार्ग असतो. राज्याच्या वाहतूक खात्याला फक्त गाड्या पळवायच्या असतात. म्हणून रस्ता शहराच्या नावावर करून घ्या, की रुंद फुटपाथ, झाडं, हळू वाहतूक आणि गजबजलेली दुकानं मागोमाग येतात. या मुख्य दाव्याला चार-पाच पुरवण्याही जोडलेल्या असतात: राज्याकडे रस्ता असेपर्यंत काही हलत नाही, हस्तांतर शहराला फुकटात पडतं, ट्रक बंद करता येतात, जुन्या इमारती सुरक्षित होतात, आणि एकदा ताबा आला की तो कायमचा.

दुखणं खरं आहे, हे आधीच सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या दुमजली इमारती, आणि त्यांच्या पायरीपासून आठ-दहा फुटांवरून चार लेनची भरधाव वाहतूक, हे चित्र तिथल्या असंख्य गावांत आहे. उपाय मात्र इतक्या ठामपणे सांगितला जातो की त्यावर विसंबून एखादं तीन-चार हजार वस्तीचं गाव पुढच्या तीस वर्षांचं ओझं डोक्यावर घेईल, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘शहराने ताबा घेतला की रस्ता सुधारतो.’ सुधारल्याची उदाहरणं आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात कॉलेज पार्क भागातून जाणारा एजवॉटर ड्राइव्ह हा चार लेनचा राज्य मार्ग होता. नव्याने डांबरीकरण होणार होतं, तेव्हा शहराने लेन कमी करायचं ठरवलं. राज्याने अट घातली की मग रस्ताच तुमच्याकडे घ्या. शहराने घेतला. दोन्ही दिशांना एकेक लेन, मध्ये वळणाऱ्या गाड्यांसाठी एक लेन आणि सायकलसाठी पट्टे, अशी नवी आखणी झाली. त्यानंतर अपघातांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि जखमी होण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांनी उतरलं. रोजची वाहतूक साधारण २०,५०० वाहनांवरून १८,१०० वर आली. पण या आकड्यांमागे काय होतं ते नीट पाहा. लेन कमी झाल्या, वेग उतरला, आधीच्या-नंतरच्या नोंदी ठेवल्या, रहिवाशांच्या बैठका झाल्या. मालकी बदलली ती या कामासाठी राज्याने लावलेली किंमत म्हणून. तेवढा मालकीचा फेरफार करून लेनचे रंगवलेले पट्टे होते तसेच ठेवले असते, तर एकही अपघात कमी झाला नसता.

‘राज्याकडे असेपर्यंत काही हलत नाही.’ हा मुद्दा तर सरळसरळ चुकीचा आहे. न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ हॅम्बर्ग नावाचं गाव आहे. त्याच्या बाजारपेठेतून यूएस ६२ हा महामार्ग जातो. राज्याचा बेत रुंदीकरणाचा होता. लोकांनी तो मान्य केला नाही. अरुंद लेन, रस्त्याकडेचं पार्किंग, झाडं, आणि सिग्नलच्या जागी राउंडअबाउट, अशी मागणी त्यांनी लावून धरली, आणि अखेर राज्याच्या त्याच खात्याने तसा रस्ता बांधून दिला. त्यासाठी गावाला महामार्ग आपल्या नावावर करून घ्यावा लागला नाही.

ओरेगॉन राज्याने १९९९ च्या महामार्ग आराखड्यातच अशा पेठांसाठी एक वेगळा वर्ग ठेवला. महामार्गाचा जो तुकडा गावाच्या मध्यवस्तीतून जातो, तिथे लांब पल्ल्याच्या वाहतुकीपेक्षा स्थानिक ये-जा आणि पायी चालणारे यांना प्राधान्य देता येतं, रस्ता राज्याचाच राहून. केंद्राच्या महामार्ग प्रशासनानेही २०१६ मध्ये आपली आखणीची सक्ती सैल केली. रस्त्याच्या भूमितीचे जे १३ मुख्य निकष होते त्यांचे १० केले, आणि ताशी ५० मैलांखालच्या वेगासाठी आखलेल्या रस्त्यांना त्यातले फक्त दोन सक्तीचे ठेवले: आखणीचा वेग आणि पूल किती भार पेलतो ते. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर एखादा अभियंता आजही देत असेल, तर कोणता नियम ते लेखी मागायला हवं.

याची दुसरी बाजू कोणी सांगतच नाही. शहराच्या मालकीचा रस्तासुद्धा केंद्राच्या ‘राष्ट्रीय महामार्ग जाळ्यात’ असू शकतो. २०१२ च्या कायद्याने या जाळ्यात मुख्य शहरी रस्ते मोठ्या संख्येने आले, त्यांचा मालक कोणीही असो. म्हणजे सातबारा तुमचा झाला तरी आखणीचे निकष वरून येऊ शकतात. फ्रान्समध्ये याच्या उलट गाठ आहे. तिथे गावातून जाणारा रस्ता जिल्हा प्रशासनाच्या मालकीचा असतो, तरी वस्तीच्या हद्दीत वेग, पार्किंग, वाहतूक यांचे नियम करण्याचा अधिकार महापौराकडे असतो. मालकी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था रोज चालू आहे. मग आपण भांडायचं कशासाठी, मालकीसाठी की अधिकारासाठी?

आता ‘फुकटात मिळतो’ याबद्दल. इथे जरा थांबतो, कारण गावं फसतात ती इथेच.

कॅलिफोर्नियाचा कायदा घ्या. राज्य महामार्गाचा तुकडा शहराला सोपवण्यापूर्वी राज्याने ९० दिवसांची नोटीस द्यायची आणि रस्ता ‘सुस्थितीत’ आणून द्यायचा, असं त्यात आहे. ऐकायला चोख वाटतं. पण रुंदीकरण, नवं बांधकाम किंवा मोठी पुनर्बांधणी करण्याचं बंधन राज्यावर नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय; राज्याच्या वाहतूक आयोगाने वेगळं ठरवलं तरच ते येतं. म्हणजे खड्डे बुजवून, गवत काढून, कचरा उचलून दिलेला रस्ताही सुस्थितीतला ठरू शकतो.

आणि खराबी असते ती वरून दिसत नाही. जुन्या पेठेत पाऊस पडत असताना एखाद्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहावं. फुटपाथची कड मुळात सहा इंच उंच असते. डांबराचा एक थर दीड-दोन इंचांचा. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा, त्यावर आणखी नवा, असं चार-पाच दशकं चाललं की रस्त्याची पाठ फुगते आणि कड दोन इंचांवर येते. मग पाणी गटाराच्या जाळीकडे जायचं सोडून फुटपाथ ओलांडतं आणि थेट पायरीशी येतं. दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा हात-दीड हात काळा पडतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो, तळघराच्या भिंतीवर पांढरे क्षार चढतात. अशा रस्त्याला पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणावर चांगला शेरा मिळतो. तो खाली घ्यायचा म्हणजे सगळा खोदून पुन्हा बांधायचा, आणि तो खर्च हस्तांतरानंतर शहराचा.

त्याहून अवघड गोष्ट फुटपाथच्या पोटात असते. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अमेरिकी पेठांमध्ये इमारतीचं तळघर भिंतीपाशी संपत नाही, फुटपाथखाली पुढे गेलेलं असतं. कोळसा उतरवायला, माल ठेवायला. उजेडासाठी फुटपाथमध्येच जाड काचेचे ठोकळे बसवत. सिॲटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात ते आजही पायाखाली दिसतात. काचेतल्या मँगनीजमुळे उन्हाने त्यांना जांभळा रंग चढलेला आहे. या पोकळीचं छप्पर म्हणजे तुम्ही चालता तो फुटपाथ, आणि ते तोलणारे लोखंडी गर्डर शंभर वर्षं ओल खात बसलेले. हे कोणाचं? इमारत मालकाचं, शहराचं, की राज्याचं? कित्येक ठिकाणी याचा कागदच सापडत नाही. राज्य बाजूला झालं की उरलेल्या दोघांत वाद राहतो, आणि त्यातल्या दुकानमालकाकडे बहुधा पैसे नसतात.

सिग्नल, पावसाळी गटारं, छोटे पूल, बर्फ काढणं, दिवे, आणि कोणी पडून दावा ठोकला तर ती जबाबदारी, हे सगळं वेगळं.

पैसे मिळवून ताबा घेणारी शहरंही आहेत. पोर्टलंडने ८२ अ‍ॅव्हेन्यूचा सात मैलांचा पट्टा २०२२ मध्ये ओरेगॉन राज्याकडून घेतला, तो १८ कोटी ५० लाख डॉलरच्या तरतुदीसह. त्यातले १५ कोटी राज्याच्या बाजूने आले, साडेतीन कोटी शहराने घातले. तो पट्टा काही जुनी पेठ नव्हे, पण खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पोर्टलंडकडे वकील आहेत, अभियंते आहेत, विधिमंडळात वजन आहे. एका चौकाच्या आणि दोन सिग्नलांच्या गावाकडे यातलं काय असतं?

खरं तर मधला मार्गही आहे, आणि तो फारसा चर्चेत येत नाही याचं मला वाईट वाटतं. विस्कॉन्सिनमध्ये शहरातून जाणारे काही तुकडे ‘जोडमहामार्ग’ म्हणून ओळखले जातात. क्रमांकाची पाटी महामार्गाचीच, देखभाल नगरपालिकेची, आणि त्यासाठी राज्य दरवर्षी अनुदान देतं. व्हरमाँटमध्ये पहिल्या वर्गाचे गावरस्ते आहेत. रस्ता गावाचा, पण ठरावीक काळाने करायचं डांबरीकरण राज्याकडे. ‘सगळं राज्याचं’ आणि ‘सगळं आमचं’ यांच्यामध्ये केवढी जागा आहे, हे यावरून दिसतं.

‘ट्रक बंद करता येतात.’ सरसकट नाही. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या ट्रकांसाठी देशभर मार्गांचं जाळं ठरवलं, आणि त्या जाळ्यापासून माल उतरवण्याच्या ठिकाणापर्यंत वाजवी वाट नाकारता येणार नाही, असं बंधन घातलं. शहराने पाटी लावली म्हणून हा कायदा हटत नाही. अनेक गावांत ट्रक गेले ते बायपास झाल्यावर. राज्याने बाहेरून नवा रस्ता काढला आणि जुना गावाच्या हवाली केला, हाच अनेक हस्तांतरांचा क्रम. मग शांत झालेल्या पेठेचं श्रेय हस्तांतराला देतात, आणि त्याच बायपासने वाटसरू गिऱ्हाईक नेलं त्याचा दोष कोणालाच देत नाहीत.

‘एकदा आला की कायमचा.’ टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला विचारा. २०१४ मध्ये राज्याच्या वाहतूक आयोगाने ब्रॉडवे रस्त्याचा सुमारे २.२ मैलांचा भाग शहराला द्यायचा ठराव केला. २०१७ मध्ये मतदारांनी ब्रॉडवेच्या कामासाठी ४ कोटी २० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. सहा लेनच्या चार करून फुटपाथ रुंद करायचे, असा आराखडा होता. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने हस्तांतर रद्द केलं. कागदपत्रं शेवटपर्यंत पूर्ण झालेली नव्हती, आणि राज्याला लेन कमी होऊ द्यायच्या नव्हत्या. लोकांनी मतं दिली, वर्षं घातली, आणि एका बैठकीत सगळं परत गेलं. मला हे उदाहरण सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. सही, नोंद, दस्त यांतली एकही पायरी राहिली असेल, तर रस्ता तुमचा नाही.

उरला वारशाचा मुद्दा: ‘जुन्या इमारती सुरक्षित होतात.’ इथे दावा नुसता अपुरा नाही, उलटा पडण्याचीच शक्यता आहे. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याचं कलम १०६ सांगतं की केंद्राचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कामाचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल, ते आधी तपासा. त्याच वर्षीच्या वाहतूक खात्याच्या कायद्यातलं कलम ४ (फ) आणखी कडक आहे: दुसरा व्यवहार्य पर्याय असेल तर केंद्रीय वाहतूक खात्याच्या प्रकल्पासाठी ऐतिहासिक जागा घेता येत नाही. राज्य महामार्गाच्या मोठ्या कामात बहुधा केंद्राचा पैसा असतो, म्हणून ही तपासणी लागते. शहराने स्वतःच्या तिजोरीतून तेच काम काढलं, तर हे दोन्ही दरवाजे बंदच राहू शकतात. विटांची जुनी फरसबंदी उखडायची, दगडी कडा काढून काँक्रीटच्या बसवायच्या, काचेचे ठोकळे बुजवायचे, याला मग अडवणार कोण? शहराचा स्वतःचा वारसा नियम असेल तर तो. तो आहे का, आणि रस्त्याच्या हद्दीला लागू आहे का, हे ताबा घेण्याआधी पाहायला हवं. अनेक ठिकाणी तो इमारतींच्या दर्शनी भागापुरताच असतो.

आणि दुकानांचं काय? १९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन या तीन गावांत पेठा सावरण्याचा प्रयोग केला, त्यातून पुढे १९८० मध्ये मेन स्ट्रीटची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिची पद्धत चार गोष्टींवर उभी आहे: संघटन, प्रसिद्धी, रचना आणि अर्थकारण. रस्ता त्यातल्या एका चतुर्थांशात येतो. वरचे मजले रिकामे असतील, मालक परगावी असेल आणि गिऱ्हाईक मॉलला जात असेल, तर रस्ता कोणाच्या नावावर आहे याने गल्ल्यात काय फरक पडणार?

एखाद्या गावाने सगळं तोलून ताबा घ्यायचं ठरवलं, तर माझा विरोध नाही. करारात रक्कम हवी, दरवर्षीच्या अनुदानाचं कलम हवं, डांबर खरवडून कडेची उंची परत आणून देण्याची अट हवी, आणि दस्त नोंदल्याची प्रत हातात हवी. सहीच्या आधी कोणीतरी विजेरी घेऊन त्या फुटपाथखालच्या तळघरांत उतरावं, गर्डरवर हातोडी मारून पाहावी, आणि काय दिसलं ते नकाशावर लिहून करारालाच जोडावं.