बुडायलाच तर जायचंय

मंदारच्या ऑफिसातली टोळी समुद्रावर निघाली आहे आणि सगळ्यांनी स्कूबा डायव्हिंगला नावं दिली आहेत. मंदारला पोहता येत नाही. म्हणजे अजिबातच नाही. कमरेएवढ्या पाण्यातही तो काठ धरून उभा राहतो. त्याने कट्ट्यावर विषय काढला, पण त्याला सल्ला नको होता, परवानगी हवी होती.

दिग्याने ती लगेच देऊन टाकली. "अरे, पोहतात कशाला? वर राहायला. स्कूबाला माणूस पैसे भरून खाली जातो. बुडायलाच तर जायचंय, मग पोहायला कशाला शिकायचं?"

हशा पिकला. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी उभी हयात पोरांना पोहायला शिकवलंय, पाण्यावरचे विनोद त्यांना चालत नाहीत.

"माणूस तळाशी बुडत नाही रे दिगंबर, वरच बुडतो," ते म्हणाले. "खाली तुझ्या तोंडात नळी असते. वर आलास की बोट लांब गेलेली असते, लाट तोंडावर येते, आणि सुटलो एकदाचे म्हणून नळी तूच काढून टाकलेली असतेस. तेव्हा हातपाय कोण मारणार?"

आमच्यात रीतसर शिकलेली डायव्हर एकटी शिल्पा. ती म्हणाली, "अण्णा बरोबर बोलतायत, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताय. प्रमाणपत्राच्या कोर्सला पोहणं लागतंच. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स घे. 200 मीटर पोहून दाखवायचं, कसंही पोहा, वेळेचं बंधन नाही. नाहीतर मास्क, फिन्स म्हणजे पायातले पंख आणि स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी लावून 300 मीटर. शिवाय 10 मिनिटं कशालाही न धरता पाण्यावर राहायचं. कारण ते कार्ड हातात पडलं की तुम्ही इन्स्ट्रक्टरशिवाय, जोडीदाराला घेऊन 18 मीटरपर्यंत उतरू शकता. मंदार जातोय ती नुसती ओळखीची डाइव्ह. तिला पोहण्याची परीक्षा नसते. जास्तीत जास्त 12 मीटर, आणि इन्स्ट्रक्टर कायम जवळ."

"बघा! म्हणजे चालतं," दिग्या.

"नियमात चालतं. तेवढ्यावर मी याला पाठवणार नाही."

बाळ्याला भलतीच काळजी होती. "आणि ऑक्सिजन संपला तर?" टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते, हे शिल्पाने त्याला सांगितलं, शुद्ध ऑक्सिजन तर साधारण 6 मीटरच्या खाली विषारी ठरायला लागतो. 12 लिटरच्या टाकीत 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास 200 पट दाबाने भरली तर जवळपास 2400 लिटर हवा मावते. ती किती शिल्लक आहे हे गेजवर दिसतं, आणि अशा डाइव्हला त्या गेजवर इन्स्ट्रक्टरची नजर असते. बाळ्याचं समाधान झालं. त्याला मुळात जायचंच नव्हतं.

अण्णांचा वरच्या पाण्याचा मुद्दा मात्र तसाच उभा होता. शिल्पाने सांगितलं की अंगात बीसीडी म्हणजे हवेचं जॅकेट असतं, त्यात हवा भरली की माणूस आपोआप तरंगतो. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घातला असेल तर तोही वर उचलतो, म्हणून तर खाली जायला शिशाची वजनं लावावी लागतात, आणि अडचणीत ती सोडून देता येतात. सगळं साहित्य धड असेल तर वर राहायला हातपाय मारावेच लागत नाहीत.

"आणि हवा भरायचं बटण कोण दाबणार? वजनं कोण सोडणार?" अण्णांनी विचारलं.

"ओळखीच्या डाइव्हला इन्स्ट्रक्टर."

"म्हणजे याचा जीव त्याच्या हातात."

"हो."

ही 'हो' शिल्पाने इतकी सरळ म्हटली की दिग्याही गप्प झाला. मला वाटतं सगळ्या वादाची मेख इथेच आहे. पोहता न येणारा माणूस स्कूबाला जातो तेव्हा तो डायव्हर नसतो, प्रवासी असतो. प्रवाशाला गाडी चालवता येते का हे कोणी विचारत नाही, पण गाडी कोण चालवतंय हे त्याने तरी बघावं. मंदार ते सोडून सगळ्याची चौकशी करत होता. व्हिडिओ काढून देतात का, हे सुद्धा त्याने विचारून ठेवलं होतं.

दिग्याने मग स्वतःचं उदाहरण पुढे केलं. तो पट्टीचा पोहणारा आहे, एका दमात तलावाची लांबी पाण्याखालून काढतो, आणि हे तो दर दोन-तीन बैठकांना सांगतो.

"तीच सवय तिथे घातक," शिल्पा म्हणाली. "स्कूबात पहिला नियम एकच, श्वास कधीही कोंडायचा नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे तू छातीत 6 लिटर हवा भरून घेतलीस आणि तशीच कोंडून वर आलास, तर वर येईपर्यंत ती 12 लिटर व्हायला बघते. छाती तेवढी ताणत नाही. फुफ्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. बरं, याला 10 मीटरही लागत नाहीत. छातीभर हवा घेऊन जेमतेम मीटर-सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणजे स्विमिंग पूलमध्येसुद्धा."

मंदारचा चेहरा खुलला. "म्हणजे मला ही वाईट सवय नाहीच! मी उलट सुरक्षित."

अण्णांनी त्याला खुलू दिलं नाही. "घाबरलेला माणूस पाण्यात काय करतो, मी आयुष्यभर पाहिलंय. श्वास कोंडतो आणि वर झेपावतो. ही जे दोन्ही करू नको म्हणतेय ना, नेमकं तेच. शिकवावं लागत नाही. आणि आधी घाबरतो कोण? ज्याला पाण्याची सवय नाही तो."

याला शिल्पाकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, खरं आहे. तिच्या मते सुरुवात बहुतेक वेळा मास्कपासून होते. मास्कच्या कडेतून थोडं पाणी आत येतं, नाकाला लागतं. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं साधन आहे, हवा व्यवस्थित येतेय, तरी डोकं ओरडतं की बुडालो. पोहणाऱ्याच्या नाकात पाणी शेकडो वेळा गेलेलं असतं, तो चिडतो आणि पुढे जातो. ज्याच्या नाकात कधीच गेलेलं नाही तो मास्क उपटतो, मग रेग्युलेटर थुंकतो. खरं तर मास्कची वरची कड कपाळाला दाबून धरायची, नाकातून हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. सांगायला दहा सेकंद लागतात. मात्र ते उथळ पाण्यात उभं राहून चार वेळा केलेलं असावं लागतं. खाली गेल्यावर शिकायची ती गोष्ट नाही.

म्हणून मला 'पोहता येतं का' यापेक्षा 'ओलं नाक सहन होतं का' हा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो. प्रमाणपत्राच्या कोर्सात मास्क काढून किमान एक मिनिट रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला लावतात. मंदारने छातीभर पाण्यात, पाय टेकलेले असताना, हे करून बघावं. जमलं तर पुढचं बोलू.

अण्णांनी मधला मार्ग सुचवला: स्कूबा राहू दे, स्नॉर्कलिंग कर, वरच्या वर. शिल्पाने तो उडवून लावला. पोहता न येणाऱ्याला स्नॉर्कलिंग सोपं वाटतं, पण लाटा वरच असतात, नळीत पाणी शिरतं ते वरच, आणि लाइफ जॅकेट चढवलं की जवळ कोणी राहीलच असं नाही. स्कूबात निदान एक माणूस टाकीला हात धरून असतो. मला हे पटलं. अण्णांना पटलं नाही, त्यांनी मान फिरवली.

मग मंदारने काय विचारायचं? शिल्पाने सांगितलं ते असं की एका इन्स्ट्रक्टरकडे त्या वेळी किती जण असतील, हा पहिला प्रश्न. पोहता येत नाही हे आधीच सांगायचं, लाजायचं नाही, आणि एकास एक माणूस मागायचा. उथळ पाण्यात सराव न देता थेट बोटीवरून उतरवणार असतील तर परत फिरायचं. खुणा शिकून घ्यायच्या. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'मला वर ने'. हौशी मंडळी व्हिडिओसाठी आनंदाने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना निमूट वर घेऊन येतो. आणि तब्येतीचा फॉर्म ते भरून घेतात का, हे बघायचं.

"त्यात काय असतं?" मंदार.

"हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, दमा..." शिल्पा थांबली. "तुझ्या बॅगेत तो इनहेलर अजून असतो ना?"

मंदार म्हणाला, असतो, पण कधीतरीच लागतो. आणि आपण पोहण्याबद्दल बोलत होतो ना?

तासभर आम्ही पोहण्यावर भांडत होतो, आणि त्याची खरी अडचण त्याच्या बॅगेत होती. दम्यात श्वासनलिका आकसल्या की फुफ्फुसात हवा अडकून राहू शकते. माणूस श्वास सोडतोय, तरी एखाद्या कोपऱ्यातली हवा सुटत नाही, आणि वर येताना ती फुगते. शिवाय टाकीतली हवा थंड आणि कोरडी असते, तीही काहींना त्रास देते. दमा असला की कायमचं बंद असं नाही, पण डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय पाण्यात पाऊल घालायचं नाही.

"फॉर्मवर 'नाही' लिही. कोण बघतंय?" दिग्या सहज बोलून गेला. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

मंदार हिरमुसला. डॉक्टरांकडे जाईन म्हणाला, सहलीच्या आधी जमलं तर. नाही जमलं तर बोटीवर बसून इतरांचे फोटो काढेन. दिग्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या नावाने भरलेले पैसे फुकट घालवू नको, मी जातो. मला पोहता येतं." आणि तो सणसणीत शिंकला. सर्दी त्याला आठवडाभर आहेच.

"तूही नाही," शिल्पा म्हणाली. "नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सारखा करता येत नाही. दोन-तीन मीटरवरच कान ठणकायला लागेल, आणि जोर लावलास तर पडदा जाईल."

"गोळी घेऊन जातो ना!"

"गोळीचा असर खाली असताना उतरला तर हवा आत अडकते, मग वर येताना दुखतं. तेव्हा तर वर येण्याशिवाय पर्यायही नसतो."

दिग्याने बाळ्याकडे पाहिलं. बाळ्या म्हणाला, "मी आधीच सांगितलंय, मी येत नाही."